आधी सूची, मग स्क्रीन, मग बांधीव खंड : १८९७च्या प्लेगवर संशोधन कसं करावं

पुण्यातल्या १८९७च्या प्लेगवर काही लिहायचं ठरवलं, की पहिल्या अर्ध्या तासात गुगल काय दाखवणार हे मी आता डोळे मिटून सांगू शकते. प्लेग अधिकारी रँडचा खून, चापेकर बंधू, ‘गोंद्या आला रे’, सावित्रीबाईंचा मृत्यू, टिळकांवरचा खटला. दहा पानं उघडा, मजकूर तोच. कुठे एखादा अल्पविराम इकडचा तिकडे. त्यातल्या काही पानांवर रँड २२ जूनलाच मेला असंही सापडतं. गोळ्या त्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर झाडल्या गेल्या हे खरं. दुसरा इंग्रज अधिकारी आयर्स्ट तेव्हाच गेला. रँड मात्र अकरा दिवसांनी, ३ जुलैला.

नेट बरं की ग्रंथालय, हा वाद मला नेहमी चुकीच्या टोकाने सुरू झालेला वाटतो. इंग्रजी साधनांपुरतं बोलायचं तर सूची आणि माल दोन्ही बऱ्याच अंशी स्क्रीनवरच मिळतात. मराठीत तसं नाही. मराठीचं नेट म्हणजे एक मोठं गोदाम आहे. माल भरपूर, पण कोणतं पोतं कुठे रचलंय त्याची वही गोदामात नाही. ती वही छापील आहे, जाडजूड आहे आणि ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात पडून आहे. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी सूची, मग स्क्रीन, मग परत ग्रंथालय. उलट क्रमाने मी एकदा सहा महिने घालवले आहेत. त्या काळातली माझ्या लॅपटॉपवरची ‘प्लेग नवीन’, ‘प्लेग नवीन २’ आणि ‘प्लेग खरं नवीन’ ही फोल्डरं अजून उघडायचं धाडस होत नाही.

प्रश्नाला कुंपण घाला

‘पुण्यातला प्लेग’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी सप्टेंबर १८९६मध्ये हा रोग ओळखला. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोगांचा कायदा आला. मार्च ते मे या काळात रँडच्या प्लेग कमिटीने गोऱ्या सोल्जरांकरवी पुण्यातली घरं तपासली. एवढ्या सांगाड्यातली एकच फासळी उचला. समजा: ‘मार्च ते मे १८९७मध्ये पुण्यातल्या घरझडतीबद्दल मराठी वृत्तपत्रांनी काय छापलं?’ यात गाव आहे, मुदत आहे आणि कोणतं साधन बघायचं तेही आलं. प्रश्न असा नसेल तर ग्रंथपाल तुम्हाला मदत करू शकत नाही आणि गुगलही नाही. फरक इतकाच, की गुगल तसं सांगत नाही.

आता एका वहीच्या पानावर शब्द लिहून काढा. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यांत जास्त उपयोगी पडणारंही हेच आहे. नुसत्या ‘प्लेग’ने भागणार नाही. त्या काळच्या मराठीत ‘ग्रंथिक सन्निपात’ येतो, तोही कधी ‘संनिपात’ असा. आपण आज ‘कॅम्प’ लिहितो, तेव्हा ‘क्यांप’ लिहीत. बँकेची ‘ब्यांक’ होती. ‘पुणें’, ‘नाहीं’, ‘कांहीं’ यांवर अनुस्वार होते, कारण साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले ते १९६२ साली. रोमन लिपीत पुण्याचं स्पेलिंग वेगळं, मुंबईचं वेगळं आणि चापेकरांच्या नावाला तर कुणी एच लावतो, कुणी एफ लावतो. ही सगळी रूपं एकाखाली एक लिहा. एखादा जुना शब्द अडला तर मोल्सवर्थचा कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई शब्दकोशांच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतो. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची आहे, म्हणजे आपल्या काळाला पुरेशी जवळची.

तारखांचंही तिथेच उरकून घ्या. जुन्या छपाईत अनेकदा शक आणि तिथी असते. १८९७च्या गुढीपाडव्याला शके १८१९ लागलं. त्याआधीचे महिने १८१८मध्ये मोजायचे. मार्च ते मे हा आपला काळ नेमका या शिवेवर पडतो, तेव्हा सावध राहा.

पहिला दिवस सूचीपाशी

शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली. ती १९४३ साली छापून आली. पुढे १९५०पर्यंतचा भागही निघाला. संगणक नसताना, कार्डं लिहून लिहून केलेलं हे काम. मासिकांतल्या लेखांसाठी दाते, काळे आणि बर्वे यांनी केलेली नियतकालिकांची सूची वेगळी आहे. मराठीतला खरा सर्च इंजिन कोण, असं मला कुणी विचारलं तर मी या खंडांकडे बोट दाखवते.

मुंबईत दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग किंवा पुण्या-मुंबईतल्या विद्यापीठांची ग्रंथालयं, अशा ठिकाणी या सूची बघायला मिळतील. दुसऱ्या जिल्ह्यात असाल तर तुमच्या जुन्या नगर वाचनालयात आधी विचारा. शंभर-सव्वाशे वर्षांच्या वाचनालयांत काय काय निघतं, ते बघूनच खरं वाटतं.

त्या दिवशी पुस्तक एकही वाचायचं नाही. फक्त नोंदी उतरवायच्या: लेखक, नाव, साल, छापखाना, पानं. विषयाच्या विभागात जा, पण शेजारचे विभागही चाळा. प्लेगचं पुस्तक वैद्यकात असेल, तसं ते चरित्रांत, पोवाड्यांत किंवा धर्माच्या खाली व्रतवैकल्यांतही लपलेलं असू शकतं. सूची करणाऱ्या माणसाने ते पुस्तक हातात घेऊन एका जागी बसवलेलं असतं. त्या माणसाच्या डोक्यातली रचना कळली, की आपल्याला विचारायचं सुचलं नसतं असे प्रश्न समोर येतात.

ग्रंथपालांशी बोलतानाही प्रश्नाला कुंपण हवं. ‘प्लेगवर काही आहे का?’ असं विचारलं तर शालेय निबंधाचं पुस्तक हातात पडतं. ‘१८९६ ते १८९८ची कोणती मराठी साप्ताहिकं तुमच्याकडे बांधीव आहेत आणि कोणत्या खंडांत अंक गहाळ आहेत?’ असं विचारा. समोरचा माणूस खुर्चीत सरसावून बसतो. संध्याकाळी वहीत वीस-पंचवीस नावं असली, की दिवस सार्थकी लागला.

आता स्क्रीन

हातात नावं आहेत, म्हणून आता गोदामात शिरायला हरकत नाही.

पहिली फेरी गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात मारते. जुने सरकारी अहवाल, जनगणनेचे खंड, कमिट्यांची कागदपत्रं तिथे मोफत उतरवता येतात. मग एशियाटिक सोसायटीची ‘ग्रंथसंजीवनी’. मग राज्य मराठी विकास संस्थेने स्कॅन केलेली दुर्मीळ मराठी पुस्तकं. आणि मग इंटरनेट आर्काइव्ह, जिथे ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या जुन्या सरकारी प्रकल्पातली भारतीय पुस्तकं प्रचंड संख्येने आहेत.

या शेवटच्या ठिकाणी जरा थांबू, कारण मराठी संशोधक सर्वांत जास्त इथेच हरवतो. पुस्तकांची नावं रोमन लिपीत आणि ज्याने टाइप केली त्याच्या लहरीप्रमाणे आहेत. ‘लोकमान्य’ मधल्या ‘मा’ला कुणी एक ए दिला, कुणी दोन. लेखकाच्या जागी प्रकाशक, सालाच्या जागी शक, कधी साल अजिबात नाही. कधी मुखपृष्ठ एका पुस्तकाचं आणि आतला मजकूर दुसऱ्याचा. म्हणून नावाने शोधू नका. नावातला एकच न मोडणारा तुकडा घ्या, दोन-तीन स्पेलिंगं करून बघा, लेखकाचं नुसतं आडनाव टाका, भाषा मराठीवर ठेवा आणि निकालांतून हाताने चाळत जा. पुस्तक सापडलं की लगेच पानं मोजा. स्कॅन करताना दोन पानं एकदम उलटली गेल्याची उदाहरणं मी मोजणं सोडून दिलंय.

मजकुराच्या आत शोधायचं म्हणाल, तर जुन्या शिळाप्रेसच्या किंवा झिजलेल्या खिळ्यांच्या छपाईवर देवनागरी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, वारंवार चुकतं. जोडाक्षरं मोडतात, अनुस्वार उडतात. अलीकडच्या काही पीडीएफ युनिकोडपूर्व फाँटमधल्या असतात. डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसते, पण कॉपी केली की चिन्हांचा कचरा हाती येतो, आणि सर्चलाही तो कचराच दिसतो. म्हणजे मराठीत ‘नेटवर शोधलं, सापडलं नाही’ या वाक्याला पुराव्याची किंमत शून्य. प्रबंधात ‘याविषयी मराठी वृत्तपत्रांत उल्लेख आढळत नाही’ असं लिहिण्याआधी अंक उलटून बघितलेत का, हे स्वतःला विचारा.

इंग्रजी साधनांसाठी मात्र स्क्रीनइतकी सोय दुसरीकडे कुठेच नाही, हे मोकळेपणाने सांगते. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने ब्रिटिश भारताच्या वैद्यकीय इतिहासाचे अहवाल ऑनलाइन ठेवलेत, त्यात प्लेगचे भरपूर आहेत आणि मजकुरात शोधताही येतं. लंडनच्या वेलकम कलेक्शनमध्ये मुंबईच्या प्लेगची त्या काळची छायाचित्रं आहेत: रुग्णालयं, तपासण्या, विलगीकरणाचे क्यांप. राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ बघा. तिथे शोध इंग्रजीत आणि त्या काळच्या खात्यांच्या नावांनी घ्यायचा. आजच्या अभ्यासकांचे लेख गुगल स्कॉलरवर शोधा. एक चांगला लेख मिळाला की त्याच्या तळटीपांतून मागे जा आणि ‘हा लेख कुणी उद्धृत केला’ या दुव्यावरून पुढे या. प्रबंधांसाठी शोधगंगा आहे. तिथले निष्कर्ष घाईने उचलू नका, पण शेवटची संदर्भयादी जरूर बघा. कुणीतरी दोन वर्षं धूळ खाऊन ती केलेली असते.

पैसे मागणाऱ्या नियतकालिकांचं काय? सरकारी विद्यापीठात किंवा महाविद्यालयात असाल तर १ जानेवारी २०२५पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार ई-नियतकालिकं उपलब्ध झाली आहेत. तुमच्या ग्रंथपालांना लॉगिन विचारा. अनेकांना आपल्या कॉलेजात ते आहे याचा पत्ता नसतो. संस्थेबाहेरच्या माणसाने जेस्टोरवर मोफत खातं काढावं. उतरवून घेता येत नाही, पण बरेच लेख पडद्यावर वाचता येतात. परदेशात असलेल्या मराठी अभ्यासकांसाठी एक गोष्ट: पीएल ४८० या अमेरिकेच्या अन्नधान्य-मदतीच्या योजनेखाली १९६०च्या दशकापासून मराठी पुस्तकं अमेरिकेतल्या विद्यापीठांत जात राहिली. पुण्यात मिळत नाही ते पुस्तक शिकागोत निघण्याचा योग म्हणूनच येतो.

सापडलेलं प्रत्येक पान स्वतःच्या डिस्कवर उतरवून ठेवा. ऑक्टोबर २०२३मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबरहल्ला झाला आणि सूचीसुद्धा कित्येक आठवडे बंद होती. पुढच्याच ऑक्टोबरात इंटरनेट आर्काइव्ह काही दिवस बंद पडलं. कागदाला वाळवी लागते, तशी यालाही लागते.

परत ग्रंथालयात, आता अंक वाचायला

जाण्याआधी फोन करा. दुर्मीळ विभागाच्या वेळा मुख्य ग्रंथालयापेक्षा वेगळ्या असतात, शनिवारची भानगड असते आणि तुम्हाला हवा तो खंड बांधणीला गेलेला असू शकतो. माझा एकदा असाच गेला होता, तीन महिने. ओळखपत्राच्या प्रती, दोन फोटो आणि मार्गदर्शकाचं किंवा संस्थेचं शिफारसपत्र जवळ ठेवा. कुठल्याच संस्थेत नसाल तर काय अभ्यासताय ते एका पानावर नीट लिहून न्या. बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर मार्ग निघतो, उशीर लागतो इतकंच.

सरकारी कागद हवे असतील तर मुंबईत फोर्टला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य अभिलेखागार. प्लेगची कागदपत्रं मुख्यतः जनरल डिपार्टमेंटच्या खंडांत आहेत. खंडाचा आणि कॉम्पिलेशनचा, म्हणजे त्यातल्या फाइलचा, असे दोन्ही क्रमांक चिठ्ठीवर लागतात. आधी तिथल्या हस्तलिखित याद्या वाचा, मग चिठ्ठी भरा. एका दिवसात किती चिठ्ठ्या चालतात आणि खंड किती वाजेपर्यंत काढून देतात, हे सकाळीच विचारा. जेवणाच्या सुट्टीआधी चिठ्ठी गेली नाही, तर त्या दिवसाचं काम तिथेच संपतं.

वृत्तपत्रांसाठी एक साधी युक्ती. ‘केसरी’ तेव्हा साप्ताहिक होता आणि मंगळवारी निघे. २२ जून १८९७ हाही मंगळवारच. गोळ्या रात्री झाडल्या गेल्या, म्हणजे बातमी २९ जूनच्या अंकात शोधायची. कोणत्याही जुन्या तारखेचा वार नेटवर क्षणात निघतो. तो काढून अंकांच्या तारखांचा तक्ता घरूनच करून न्या. वाचनालयात बसून बोटं मोजण्यात सकाळ जाते.

खंड उघडल्यावर हवा तो अग्रलेख वाचून बंद करू नका. पूर्ण अंक वाचा, तोही मार्चचा पहिला आठवडा ते मेचा शेवट असा सलग. टिळकांचे ‘केसरी’तले लेख पुढे संग्रहरूपाने निघाले, ते सोयीचेही आहेत, पण संग्रहात लेख एकटा उभा असतो. अंकात त्याच्या शेजारी वाचकांची पत्रं असतात, स्फुटं असतात, बाजारभाव असतात, औषधांच्या जाहिराती असतात. लोक गाव सोडून कुठे चालले होते, कशाला घाबरत होते, हे अनेकदा त्या बारक्या टायपात असतं. मग तोच आठवडा दुसऱ्या पत्रात बघा. ‘ज्ञानप्रकाश’ होता, आगरकरांनी काढलेला ‘सुधारक’ होता, मिशनचा ‘ज्ञानोदय’ होता. एकाच घरझडतीकडे चौघांनी कसं बघितलं, हाच कदाचित तुमचा प्रबंध असेल.

पानं ठिसूळ असतात. हात धुऊन, कोरडे करून बसा. बोटाला थुंकी लावून पान उलटण्याची सवय घरी ठेवा. कोपरा धरून ओढू नका, पानाखाली तळवा सरकवा. लिहायला पेन्सिलच.

नोंदी

माझी सर्वांत महागडी चूक इथली आहे. एका ग्रंथालयात परवानगी काढून दिवसभरात दीडशेच्या आसपास पानांचे मोबाइलवर फोटो काढले. घरी आल्यावर लक्षात आलं की कुठल्या खंडाचे, कुठल्या अंकाचे, काहीच कळत नाही. मथळे कापले गेले होते. त्यातली अर्धी पानं आजही निनावी आहेत.

तेव्हापासून नियम असा: पहिला फोटो चिठ्ठीचा, दुसरा खंडाच्या पाठीचा किंवा शीर्षकपानाचा, आणि मग मजकूर. प्रत्येक नव्या अंकाचा मथळा तारखेसकट वेगळा. त्याच रात्री फोल्डरला नाव द्यायचं: पत्र, साल, महिना, तारीख, ग्रंथालय. झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर देवनागरी नोंदी व्यवस्थित सांभाळतं. वही आवडत असेल तर वही. पण दाखल क्रमांक, पानाचा क्रमांक आणि बघितल्याची तारीख सुटता कामा नये. बघून काहीच सापडलं नाही, त्याचीही नोंद करा: ‘अमुक पत्र, एप्रिल १८९७, तीन अंक पाहिले, उल्लेख नाही, एक अंक गहाळ.’ दोन वर्षांनी ही ओळ तुमचा आठवडा वाचवते.

पडताळणी

त्या काळात सरकारचा ओरिएंटल ट्रान्स्लेटर देशी पत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी सारांश दर आठवड्याला करी. ते वाचायला सोपे, म्हणून अभ्यासक त्यांवर फार विसंबतात. पण त्यात येतं ते सरकारला दखल घेण्याजोगं वाटलेलं, आणि तेही अनुवादकाच्या शब्दांत. मूळ मराठीत उपरोध असेल तर तो इंग्रजीत सरळ वाक्य होऊन बसतो. सारांशावरून अंकाची तारीख काढा आणि मूळ अंक गाठा. दामोदर चापेकरांचं आत्मकथन मुंबई सरकारने १९५८मध्ये स्वातंत्र्यलढ्याच्या साधनग्रंथाच्या दुसऱ्या खंडात छापलं, तेही इंग्रजीत; वाचताना ते तुरुंगात लिहिलेलं आहे हे विसरू नका. प्लेग कमिटीचा अहवालही स्वतःची बाजू मांडतोच. तिन्ही समोर ठेवले की कोण काय गाळतो ते दिसायला लागतं.

एआयला संदर्भ विचारत असाल तर प्रत्येक संदर्भ सूचीत तपासा. लेखक खरा असतो, नाव खरं वाटतं, सालही बसतं, आणि त्या लेखकाने ते पुस्तक लिहिलेलंच नसतं. दाते सूचीत नसलेलं १९१०चं मराठी पुस्तक कुणी सांगितलं, तर मी आधी प्रत दाखवा म्हणते.

फोटो आणि उतारे छापायचे असतील तर भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. १८९७च्या वृत्तपत्रांचा प्रश्न सहसा येत नाही, पण ग्रंथालयाच्या स्वतःच्या अटी असतात. त्या फॉर्मवर सही करण्याआधी वाचा.

लेखन पूर्ण झालं की एक दिवस परत ग्रंथालयात जा आणि प्रत्येक अवतरण मूळ अंकाशी ताडून बघा. फोटोवरून नको, फोटोत अनुस्वार आणि शाईचा डाग सारखेच दिसतात. त्या दिवशी पेन्सिली दोन न्या. एकीचं टोक मोडतंच, आणि ब्लेड आत नेऊ देत नाहीत.